लाइन नावाची सवत

होळीची राख अजून चौकात उडत असते, कडुनिंबाचा मोहोर गल्लीभर सांडलेला असतो, आणि एका सकाळी दारासमोर चुन्याची पांढरी रेघ दिसते. कोण येऊन मारून जातं ते आजवर मला दिसलेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी ती सुरू होते, कुणाच्या ओट्याला खेटते, कुणाच्या तुळशीला वळसा घालते आणि पार हनुमानाच्या देवळापर्यंत जाते. रायपूरच्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यात ही रेघ दिसली की बायका काय ते समजतात. पाऊस लागेपर्यंत आता दारात माती. मग एकमेकींना एवढंच विचारायचं राहतं की यंदा कोणती लाइन? पाण्याची, गटाराची, विजेची, फोनची? गेल्या वर्षी चांगला सिमेंटचा रस्ता झाला, तेव्हाच मी म्हटलं होतं, आता येतंच कुणीतरी खोदायला.

यंदा गॅसची आहे म्हणे. कोणतीही असो. रेघ पाहिली आणि माझ्या पोटात जुनी जळजळ पुन्हा सुरू झाली. हसाल तर हसा, पण मी एका खड्ड्यावर जळलेली बाई आहे. बाई बाईवर जळते तशी, अगदी झोप उडेपर्यंत. मुलाला एकदा फोनवर हे सांगितलं. तो पुण्यात नोकरीला आहे, मराठी सगळं समजतं, पण उत्तर देतो हिंदीतच. म्हणाला, "मम्मी, आप भी ना! गड्ढे से कौन जलता है?" मी म्हटलं, "तुले नाही समजणार बाबू. तुझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली."

यांच्या निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा होता तो. हे म्हणजे माझे यजमान. पाणीपुरवठ्याच्या सरकारी खात्यात होते आणि सगळी नोकरी गावोगावी नळाच्या लाइनी टाकण्यात गेली. आज कांकेर, उद्या महासमुंद, मग पार दंतेवाड्याकडे. मी वर्ध्याहून लग्न होऊन या घरात आले ती इथेच राहिले. आधी सासू-सासऱ्यांसाठी राहिले, मग मुलाच्या शाळेसाठी राहिले, मग राहायची सवयच झाली. हे शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी अंधार असताना निघायचे. मधला रविवार अर्धा झोपेत जायचा. शर्टाच्या कॉलरला लाल मुरुम लागलेला असायचा, विजारीच्या दुमडीत माती. ती मी झटकायची, भिजवायची, घासायची. न्हाणीतून लाल पाणी वाहत जायचं आणि मी त्याच्याकडे डोळे वटारून बघायचे. आठवडाभर माझा माणूस जिच्याजवळ असायचा ती हीच.

निवृत्तीची वाट यांच्यापेक्षा मीच जास्त पाहिली. मागणं मोठं नव्हतं हो माझं. काशी नको, रामेश्वर नको. दुपारी समोरासमोर बसून जेवायचं, तव्यावरची पोळी सरळ यांच्या ताटात टाकायची आणि चार गोष्टी बोलायच्या. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. त्यातलं निम्मं मी विसरले असते तरी उरलेलं म्हातारपणाला पुरलं असतं. सत्काराचा नारळ घरात आला, शाल कपाटात गेली, मी कणीक मळायला घेतली, आणि शहरात पाण्याची नवी लाइन टाकायला सुरुवात झाली.

पहिल्यांदा खोदकाम सदर बाजाराकडे होतं. हे सकाळी चहा झाला की चपला घालायचे. "जरा पाय मोकळे करून येतो." पाय दुपारी उशिरापर्यंत मोकळे होत राहायचे. परत आले की कान लाल, ओठ सुकलेले, आणि चेहऱ्यावर एक असं सुख की मला ते ओळखीचंच वाटेना. कुठं गेले होते विचारलं तर म्हणायचे, "इथंच." इथंच म्हणजे कुठं ते काही सांगायचे नाहीत.

आणि मग ते फोन. मी पोळ्या लाटत होते, हे खिडकीशी पाठमोरे उभे राहून हलक्या आवाजात बोलत होते. "हव, हव. काल लय गळून राहिली होती ना ती? मले तवाच वाटलं. तिले उघडी नको ठेवू बाबा, झाकून ठेव. नाजूक असते सुरुवातीले, जोर नको लावू. मी येतो ना सकाळीच तिले पाहाले."

लाटणं हातातच राहिलं. आमच्या लग्नानंतर मी एकदा तापाने फणफणले होते, तेव्हा याच माणसानं दारातून विचारलं होतं, "डॉक्टरले दाखवलं का?" आणि बॅग उचलून गेले होते. आता या वयात कुणीतरी गळून राहिली म्हणून यांचा आवाज हळवा होत होता. नाजूक असते म्हणे! तव्यावरची पोळी जळाली ती मी तशीच यांच्या ताटात वाढली. खाल्ली मुकाट्यानं. लक्ष होतं कुठं?

दुसऱ्या दिवशी मी यांच्या मागे गेले. सांगायला लाज वाटत नाही. जिचा नवरा असा रोज गायब झाला असता तिनं हेच केलं असतं. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी, म्हणजे कुणी भेटलं तर सांगायला बरं. हे पुढे ताडताड चालत होते. सराफांची दुकानं उघडत होती, स्कूटरवाले अंगावर येत होते, एका कापडवाल्यानं तर हाकच मारली, "आइए दीदी, नया माल आया है." मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर चढून साड्यांच्या आडून पाहिलं. रस्ता अर्धा पत्र्यांनी अडवलेला होता. पत्र्याच्या फटीपाशी आमचे हे उभे होते. हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी, नजर खाली. त्यांच्या पायाशी एक लांबलचक खोल चर होता आणि चरात काळा पाइप.

ठेकेदाराचा मुंशी, म्हणजे कामावर देखरेख करणारा माणूस, त्यांच्याशी बोलत होता. गजानन नाव त्याचं, भंडाऱ्याकडचा निघाला होता, म्हणून ते मराठीतलं गुळपीठ. मी पायरी उतरून पुढे गेले, तर मला पाहून हे दचकले नाहीत की काही नाही. उलट म्हणाले, "अवो, बरं झालं आली. हे पाय, इथं गळून राहिली होती लाइन. या सांध्यात. आता पाय कशी मस्त बसली!"

लाइन. ती लाइन. आमच्या भाषेनं लाइनीला बाई करून ठेवलं आणि मी भर सदर बाजारात साड्यांच्या आड लपले. गजानन मुंशीनं मला नमस्कार केला. मी म्हटलं, "छान आहे." आणि गोल बाजारातून कांदे घेऊन घरी आले.

हायसं वाटायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत वाटलंही. पण दिवा लावता लावता पुन्हा मनात आलं की बाई असती तर बरं झालं असतं. बाई असती तर भांडले असते, तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावले असते, तिचं नाक नकटं आहे म्हणून समाधान तरी करून घेतलं असतं. हिला काय सुनवायचं? ही तोंड उघडून जमिनीत पडलेली. आणि हिच्यासाठी यांनी पूर्ण आयुष्य दिलं होतं, उरलेलंही द्यायला निघाले होते. पगार बंद झाला तरी यांची नोकरी चालूच होती. मग मला आजवर जे सांगितलं गेलं ते सगळं खोटं होतं. नोकरी आहे, काय करणार, जावंच लागते. नाही हो. जावं लागत नव्हतं, जावंसं वाटत होतं. हा शोध त्या वयात लागणं काही बरं नाही.

चैत्र संपता संपता खोदकाम आमच्या गल्लीत शिरलं. गल्ली अरुंद, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला ओट्यावर चढावं लागतं. तिथं जेसीबी कुठला येणार? मग हातानं खोदायचं ठरलं आणि गावाकडचे मजूर आले. घराघराच्या उंबऱ्यापासून चरावर फळ्या पडल्या. फळीवरून दूधवाला यायचा, फळीवरून आम्ही देवळात जायचो. सगळा दिवस सब्बलीचा, म्हणजे पहारीचा आवाज, मुरुमाचा लाल धुरळा, भिंतीला, पापडांना, देवाच्या फोटोला. शेजारपाजारच्या बायका कुरकुरायच्या. यांना मात्र घरपोच सवत मिळाली होती. चपला घालायचंही काम उरलं नाही, फळी ओलांडली की झालं.

आणि तिथे मला आणखी एक दुखणं लागलं. सुकवारो.

मजूर बाईला इथे रेजा म्हणतात. सुकवारो रेजा होती, पस्तिशीची असेल, काळीसावळी, हातावर गोंदण, कपाळापर्यंत ओढलेला लाल गमछा. तिच्याबरोबर दसरू. दसरू चरात उतरून खोदायचा, घमेलं भरायचा आणि वर उचलायचा. सुकवारो काठावर. आता गंमत बघा. तो घमेलं वर करायचा तेव्हा वर बघायचा नाही, आणि ती हात खाली न्यायची तेव्हा खाली बघायची नाही. ती शेजारणीशी बोलत असायची, हसत असायची, आणि हात बरोब्बर घमेल्याच्या कडेला जायचे. मातीचा कण सांडायचा नाही. ती खोकली तर तो थांबायचा. तो घाम पुसायला वाकला तर तिचे हात तसेच हवेत. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत हे चालायचं. मुंशी हाकही तशीच मारायचा. नाव नाही, गाव नाही, "ए सुकवारोची जोडी, इकडं या!"

जोडी! मी खिडकीशी तांदूळ निवडत बसायचे आणि त्या शब्दानं माझ्या अंगाची लाही व्हायची. आमच्या लग्नात गुरुजींनीही आम्हाला जोडीच म्हटलं होतं. पण आमच्यातला एक कायम कांकेरला. या बाईला दिवसभर आपला नवरा डोळ्यांसमोर. त्याला ऊन लागलं तर तिला दिसतं, तिला काटा रुतला तर त्याला कळतं. एकच घमेलं दोघांच्या हातातून दिवसभर फिरतंय. मला कधी असं काही मिळालं का, की मी न बघता हात पुढे करावा आणि समोरून काहीतरी यावं? हेवा हा शब्द फार गोड आहे. मत्सर म्हटलं की पोथीतलं वाटतं. आमच्याकडे सरळ म्हणतात, जळून राहिली. मी जळून राहिली होती. तिच्या गोंदणावर, तिच्या हसण्यावर, तिच्या उन्हावरसुद्धा.

"काहून वो, भातात खडे आहेत आज," हे जेवताना म्हणाले.

"माझे डोळे गेले आता," मी म्हटलं.

"चष्मा करू ना नवा," म्हणाले आणि पाणी पिऊन पुन्हा फळीवर.

एका दुपारी मी कारल्याची भाजी केली. भरली कारली, गूळ-दाण्याचं कूट घालून, यांना लहानपणापासून आवडतात तशी. वरण, तूप, कणीक तिंबलेली, तवा तापलेला. एक वाजला, दीड वाजला. शेवटी तवा उतरवला आणि हाक मारायला ओट्यावर आले. समोरच्या घराच्या सावलीत मजूर जेवायला बसले होते आणि त्यांच्यात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर मांडी घालून, आमचे हे. हातात सुकवारोच्या डब्याचं झाकण. झाकणात बासी. म्हणजे आदल्या रात्रीचा भात पाण्यात भिजत टाकलेला, वर मीठ, बाजूला कांदा आणि टमाट्याची चटणी. इथले कष्टकरी उन्हाळ्यात हेच खाऊन निघतात. हे ते पाण्यासकट ओरपत होते. मिशीला पाणी लागलं होतं. सुकवारो आणखी देऊ का विचारत होती, "अउ देवँव का साहेब?" आणि यांनी झाकण पुढे केलं. न बघता पुढे केलं.

मी आत गेले. कारली एकटीनं खाल्ली. सगळी.

संध्याकाळी म्हटलं, "माझ्या हातचा शिळा भात उभ्या जन्मात शिवला नाही तुम्ही. फोडणीचा करून दिला तरी ताट सरकवलं."

"तो शिळा असते," हे शांतपणे म्हणाले. "हे बासी आहे. पोटाले थंड पडते."

"भात भातच असते जी!"

"तुले नाही समजणार."

मग मी दुसरा उपाय केला. रात्री भात पाण्यात टाकला. दुसऱ्या दिवशी मीठ घातलं, कांदा फोडला, चटणी वाटली, अगदी तशीच, पाट्यावर. दुपारी यांना हाक मारून ताटाऐवजी वाडगा पुढे ठेवला. यांनी वाडग्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग काळजीनं विचारलं, "बरं नाही वाटून राहिलं का तुले? सैपाक काहून नाही केला?"

तो भात मी गाईला घातला. गाईनं मात्र आवडीनं खाल्ला.

सुकवारो रोज दुपारी आमच्याकडे पाणी मागायला यायची. मी द्यायची, पण तोंड वाकडं करून. ती मला दाई म्हणायची. छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात, त्यात वाईट काही नाही, तरी मला ते टोचायचं. माझ्या नवऱ्याला साहेब आणि मी दाई! एके दिवशी दसरू आला नव्हता. सुकवारो दुसऱ्याच एका माणसाबरोबर काम करत होती आणि घमेलं दोनदा सांडलेलं मी खिडकीतून पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पाणी घ्यायला आली तेव्हा मी जरा नरम होऊन विचारलं, "क्यूं सुकवारो, तुम्हारा आदमी नहीं आया आज? बीमार है क्या?"

ती पाणी पिता पिता थांबली. "मोर आदमी? वो तो गांव म हे दाई. खेती देखथे."

"और दसरू?"

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि ती अशी हसली की तोंडातलं पाणी ओट्यावर उडालं. दुसऱ्या बायकांना ओरडून सांगू लागली आणि त्याही हसायला लागल्या. दसरू तिच्या गावचाही नव्हता. एक खोदणारा आणि एक उचलणारी मिळून जोडी होते. तो या कामातला शब्द आहे, त्याचा लग्नाशी काही संबंध नाही. मुंशी लावून देतो तशा जोड्या लागतात. दोन-चार कामं एकत्र झाली की हात बसतो, इतकंच.

"और अपने आदमी के साथ नहीं करती काम?" मी विचारलं. सोडवत नव्हतं मला.

सुकवारोनं गमछ्यानं तोंड पुसलं. "करे रहेंव दाई एक बार. एके दिन म झगरा होगे. ओहा घमेला ल मोर मुड़ी म पटक दिस." म्हणजे केलं होतं एकदा, एकाच दिवसात भांडण झालं आणि त्यानं घमेलं हिच्या डोक्यावर आपटलं. हे सांगतानाही ती हसतच होती.

मग मी जे विचारायला नको होतं तेही विचारून टाकलं. इतके दिवस मला वाटत होतं, घरी मूग गिळून बसणारा हा माणूस तिथे चरावर मोकळा होत असेल. सगळ्या नोकरीच्या गोष्टी, जंगलातले मुक्काम, लोकांचे किस्से, जे माझ्या वाट्याला आलं नाही ते सगळं या लोकांना ऐकायला मिळत असेल. "साहब क्या बोलते रहते हैं दिनभर?"

"साहेब?" सुकवारोनं आठवून पाहिलं. "कुछु नइ बोलय दाई. खड़े रहिथे."

काहीच बोलत नाहीत. उभे राहतात.

हे ऐकून माझी जळजळ थांबायला हवी होती. जोडी जोडी नव्हती, गोष्टी गोष्टी नव्हत्या. मी कशावर जळत होते? पण मन असं हिशेबानं चालत नाही. उलट त्या दुपारी मी जास्तच पेटले. बोलायला माणूस कुणाशीही जातो. पारावर बसतो, पानाच्या ठेल्यावर उभा राहतो. पण गप्प राहायला जो जातो तो फार आपल्या माणसाकडे जातो. यांचं घरातलं गप्प बसणं म्हणजे पेपर उलटा ठेवून पंख्याकडे बघणं. आणि तिथलं गप्प बसणं मी खिडकीतून रोज बघत होते. हात मागे, मान तिरकी, चेहरा उजळलेला. माझ्यासमोर हा माणूस असा कधी उभा राहिला नव्हता. नव्या नवरीच्या वेळीही नाही.

पावसाच्या आधी काम उरकलं. पाइपाखाली वाळू टाकली, लाइन जोडली, पाणी सोडून पाहिलं. चर बुजला तसा गल्लीतला आवाज गेला. मजूर दुसऱ्या वस्तीत गेले. जाताना सुकवारो ओट्यावर येऊन "जाथन दाई" म्हणाली आणि मी तिला एक जुनी साडी दिली. चांगली होती साडी. का दिली मला माहीत नाही.

मग हे घरी बसले. जे मागितलं होतं ते मिळालं. दुपारी बारा वाजता ताटावर हजर, समोर मी, तव्यावरची पोळी सरळ ताटात. पहिल्या दिवशी मी माझ्या साचलेल्यातली एक गोष्ट काढली. आमचा मुलगा पहिल्यांदा शाळेत गेला त्या दिवसाची. यांनी ऐकली. "अच्छा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसरी काढली. "असं झालं होय?" मग मी पुढच्या काढल्या नाहीत. जेवण झाल्यावर हे नळ सोडायचे, बोटांनी धार तोडून बघायचे, पुन्हा बंद करायचे. पाणी जोरात येतं का बघत होते म्हणे. मला कळायचं काय बघत होते ते. ती भिंतीच्या पलीकडे जमिनीत निजली होती आणि हे तिची विचारपूस करत होते. माणूस घरात होता आणि मला पाहुणा जेवायला घातल्यासारखं वाटायचं. असे काही उन्हाळे गेले. जळजळही बसली. बसली की दमली कोण जाणे.

यंदा यांचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी ओट्याच्या पायऱ्या उतरायला सक्त मनाई केली आहे. आणि नेमकी चुन्याची रेघ आली, माणसं आली, सब्बल सुरू झाली. आमच्या दारापर्यंत अजून पोचलेले नाहीत, देवळाच्या कोपऱ्याशी आहेत, तिथलं घरातून काही दिसत नाही. पहिले दोन दिवस हे खाटेवर पडून नुसते ऐकत होते. आवाज थांबला की डोळे उघडायचे. "दगड लागला वाटते." तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "जरा जाऊन पाय ना, किती खोल गेले?"

मी? त्या सवतीची खबर आणायला मी जाऊ? म्हटलं भाजी चिरायची आहे. म्हटलं ऊन आहे. शेवटी गेले ते कटकट नको म्हणून.

चराच्या काठाशी गेले आणि आधी थंडावा लागला पायांना. वर एवढं ऊन आणि त्या फटीतून ओला गार वास. मी वाकून पाहिलं. इतक्या वर्षांत असं वाकून मी पाहिलंच नव्हतं. खिडकीतून माणसंच बघत राहिले. वर गेल्या वर्षीचं सिमेंट, त्याखाली डांबर, त्याखाली विटांचा चुरा, कुणाच्या तरी फुटलेल्या बांगड्या, कौलाचे तुकडे. मग लाल मुरुम, मग पिवळट दगड. कडुनिंबाचं एक मूळ आडवं गेलेलं, मनगटाएवढं जाड, खोदणाऱ्यानं ते न तोडता खालून माती काढली होती. यांची पाण्याची लाइनही दिसली, एका बाजूला, मुकाट पडलेली. मी तिच्याकडे रागानं बघायचं ठरवून बघितलं. राग आला, नाही असं नाही, पण नजर पुढे पुढेच जात राहिली. दगड फोडायला त्यांनी मोठी पहार आणली होती. ती पडली की आवाज आधी पायाला लागायचा, मग कानाला. आता फुटेल, आता फुटेल म्हणून मी थांबले. एक बाई म्हणाली, "दाई, दूर हो जाव." मी दूर झाले आणि पुन्हा पुढे आले. दगड फुटला तेव्हा माझ्या तोंडून "वा!" निघालं. मग वाटलं, खाली काय लागतंय ते बघूनच जाऊ.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. हे दारात खुर्ची ओढून बसलेले. पायऱ्यांची मनाई होती, म्हणून दारापर्यंतच आले होते.

"काहून वो? इतका वेळ काय करून राहिली होती तू?"

"काही नाही. उभी होती."

"उभी होती म्हणजे? कोणाशी बोलून राहिली होती?"

"कोणाशीच नाही."

हे माझ्या चपलांकडे बघत होते. चपलांना लाल मुरुम लागला होता, साडीच्या काठालाही. मी यांचा चेहरा पाहिला. ओठ आवळलेले, भुवई चढलेली, डोळ्यांत एक बारीक ठिणगी. तो चेहरा मला पाठ आहे. मी तो आरशात कितीतरी उन्हाळे पाहिला होता. यांच्या तोंडावर तो असा शोभेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"दगड लागला ना? फर्शीचा थर लागला का? जुन्या लाइनीले धक्का नाही ना लावला त्या लोकांनी? सांग ना! मले घेऊन चाल उद्या, हात धरून नेशील तर येतो मी, डॉक्टरले काय समजते."

"सांगते," मी म्हटलं आणि ओट्यावर टेकले. "आधी पाणी तर पिऊ द्या. घसा सुकला उन्हात."

हे उठले. काठी चाचपली, भिंत धरली आणि एक एक पाऊल टाकत आत गेले. माठाचं झाकण वाजलं. गावोगाव पाणी पोचवलेला माणूस हातात पेला धरून माझ्यासाठी दारापर्यंत आला. निम्मं सांडलं होतं. पेला माझ्या हातात देऊन हे तिथेच उभे राहिले, मी काय सांगते ते ऐकायला, सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे लावून.

मी मुद्दाम घोट घोट प्यायले.